अकरा जणांचं मानपत्र

जानेवारी उजाडला की आमच्या भवानी पेठेत दोऱ्यांवर पांढरे कपडे दिसायला लागतात. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या धरणाऱ्यांच्या बाराबंद्या. वर्षभर पेटीत घडी घालून ठेवलेल्या, आता नीळ देऊन, खळ लावून उन्हात टाकलेल्या. वाऱ्यानं फुगल्या की वाटतं, बिनमुंडक्याची माणसं ओळीनं उभी आहेत. हातगाड्यांवर हरभऱ्याचे डहाळे येतात, कुठूनतरी हुरडा भाजल्याचा वास येतो, आणि थंडीमुळं यंत्रमागांची खटखट घराच्या भिंतीला लागूनच चालल्यासारखी ऐकू येते. सगळ्यांना हा महिना आवडतो. मला आठ वर्षं झाली, तो नको वाटतो.

यंदा महिना लागतो न लागतो तोच भाऊंचा निरोप फोनवर आला. भाऊ म्हणजे आमच्या पेठेचे पुढारी. ज्या संस्थेच्या शाळेत मी मराठी शिकवतो, तिच्या कमिटीवरही तेच. निरोप असा : 'सर, हवालदारांच्या नावाची पाटी लावतोय चौकात. ग्रॅनाईटची. मजकूर तुमच्याकडनं पाहिजे. नवीन काही लिहीत बसू नका, ते जुनं मानपत्र आहे ना, अकरावालं, तेच काढा.' खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं.

स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात होता. तो तसाच खाली ठेवला. अकरावालं! आठ वर्षं जे माझ्या घशात अडकून आहे, त्याला भाऊंनी एका शब्दात नाव देऊन टाकलं. आणि आता ते कागदावर नाही, दगडात कोरायचं होतं.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पंचवीसएक वर्षं झाली, या भागात कुणाचाही सत्कार असो, मानपत्र मी लिहायचं आणि मीच ते माईकवर वाचायचं, हे ठरून गेलंय. निवृत्त तलाठी, बोर्डात आलेली मुलगी, कुस्तीतला पठ्ठ्या, नवा नगरसेवक. सगळ्यांना मी एकाच कपाटातले शब्द काढून देतो. आपल्या कार्याचा सुगंध, आपला निगर्वी स्वभाव, आपल्या रूपानं या मातीला लाभलेलं रत्न. तलाठ्याचं रत्न पुढच्या महिन्यात पैलवानाला लागतं. स्वभावानं मी अबोल माणूस. घरात चार वाक्यं बोलायची तरी मला जड जातं. पण दुसऱ्यानं सांगितलेलं खोटं मात्र मी खणखणीत आवाजात वाचू शकतो. तेवढी एक कला देवानं दिली.

हवालदार सिद्रामप्पा मूळचे दुधनीकडचे. भाषा तीन : आईची कानडी, पेठेची मराठी, फौजेची हिंदी. कुठली कुणाशी बोलायची याचा काही नियम नव्हता. फौजेत ते वैद्यकीय दलात होते. नर्सिंग असिस्टंट. म्हणजे जखमींना उचलून आणायचं, रक्त थांबवायचं, पट्टी बांधायची. निवृत्त होऊन आले आणि समाजमंदिराच्या मागची पत्र्याची रिकामी खोली त्यांनी मागून घेतली. निळं दार, आत एक बाकडं, एक स्टूल, एक लोखंडी पेटी. रोज सकाळी सात ते नऊ तिथं पट्ट्या बांधायच्या. मागात बोट चेपलेला कामगार, कढईचा चटका बसलेली बाई, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे साखरेच्या आजारानं पाय चिघळलेली म्हातारी माणसं. आमच्या पेठेत असे पाय फार. दवाखान्यातून औषध लिहून मिळतं. पण रोज खाली बसून दुसऱ्याचा कुजका पाय मांडीवर घेणार कोण?

हवालदार घ्यायचे. त्यांच्या खोलीचे दोन कायदे. एक, येताना घरून उकळून गार केलेलं पाणी झाकणाच्या डब्यात आणायचं. दारात पाऊल पडलं की पहिला प्रश्न, "पाणी उकळलं का?" नुसतं कोमट केलेलं पाणी त्यांना कसं कळायचं कुणास ठाऊक, पण कळायचं, आणि माणूस डब्यासकट परत जायचा. दुसरा कायदा, ज्याचा पाय बरा झाला त्यानं एक पाय आणायचा. म्हणजे ज्याला चालवत नाही असा एखादा रुग्ण घरातून धरून खोलीपर्यंत आणायचा, तोही बरा होईपर्यंत रोज. आभार मानलेले त्यांना चालायचे नाहीत. "आभाराची पट्टी हुत न्हाय," म्हणायचे.

चिकटलेली जुनी पट्टी काढताना ते कानडीत आकडे मोजायला लावायचे. वंद, यरड, मूर. तीन म्हटलं की ओढणार, असं सांगायचे आणि दोनलाच ओढायचे. रोजच्या लोकांनाही हे माहीत असून रोज ते फसायचे. बांगड्या विकणाऱ्या रसूलबी चाचींच्या डाव्या पायाला तर कित्येक वर्षं ती जखम होती. त्या ओरडायच्या, "अरे झूटे फौजी, मूर कुटं गेला तुजा?" हवालदार म्हणायचे, "फौजेत ठेवून आलो की, चाची. पेन्शनमदी न्हाय बसला."

जानेवारीत त्यांचं काम वाढायचं. नंदीध्वज म्हणजे उंच आणि जड काठ्या. कमरेच्या आधारानं, तोल सांभाळत मैलोगणती न्यायच्या. सराव सुरू झाला की तरणीताठी माणसं खांदे चोळत खोलीत यायची. यात्रेच्या दिवसांत मिरवणुकीच्या वाटेवर हवालदार एक टेबल टाकून बसायचे. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर लाल कापडाची फुली शिवलेली, स्वतःच्या हातानं, जराशी वाकडी. चौफेर अक्षता, हलगी, धुरळा, तिळगुळाचे पुडे. आणि त्या सगळ्यात स्पिरिटचा तो थंड वास. माझ्या डोक्यात जानेवारीचा वास तोच आहे.

माझ्या आईचा पाय त्यांनी चौदा महिने बांधला. अंगठा काळा पडला होता, दवाखान्यात कापायची भाषा सुरू झाली होती. आईला खोलीपर्यंत चालवत नव्हतं आणि तिला धरून न्यायला मला लाज वाटायची. हो, लाज. शिक्षकानं सकाळी सकाळी रांगेत कसं बसायचं! हवालदारांना हे न सांगता कळलं असणार. ते सायकलवरून आमच्याच घरी यायला लागले. पावणेसातला घंटी. मी पाणी उकळून ठेवायचो, दूर उभा राहायचो, खिडकीबाहेर बघायचो. पाय राहिला. आई पुढं गेली ती दोन्ही पायांनिशी गेली.

अशाच एका सकाळी आईनं त्यांना विचारलं, "लढाईत भ्या वाटत नव्हतं का हो?"

आईचा पाय मांडीवर ठेवून कापसानं कडा पुसत ते एकाहत्तरच्या लढाईतली एक सकाळ सांगायला लागले. उजाडल्यापासून दुपारपर्यंत एका कापसाच्या शेतातून ते आणि त्यांचा एक मल्याळी जोडीदार जखमींना स्ट्रेचरवर घालून गाडीपर्यंत आणत होते. शेतात सुरुंग होते. "कापूस आपल्याकडच्यावानीच. बोंडं फुटलेली. पाय कुटं टाकायचा त्याच्याकडं बघावं, का कापसाकडं? अकरा आणले बघा, आई. अकरा खेपा. दोगं गाडीतच गेले. नऊ जगले."

आई म्हणाली, "सगळे आपलेच ना?"

"एक त्यांचा व्हता." त्यांनी कात्रीनं पट्टी कापली. "वजन तेवडंच व्हतं."

एवढंच. ही त्यांची सगळी युद्धकथा. मी खिडकीपाशी उभा राहून ऐकली आणि माझ्या कपाटात नीट ठेवून दिली, कधीतरी उपयोगाला येईल म्हणून.

ती वेळ आली आठ वर्षांपूर्वीच्या प्रजासत्ताक दिनाला. भाऊंनी ठरवलं, पेठेतल्या फौजीचा सत्कार करायचा. आता सत्काराबद्दल मला जरा बोलू द्या. आपण माणसाला शाल देतो ती त्याला थंडी वाजते म्हणून नव्हे, त्यानं पुढं काही मागू नये म्हणून. हवालदार दोन वर्षं एकच गोष्ट मागत होते. खोलीत एक नळ. पाण्याचे डबे घेऊन लंगडत येणाऱ्या माणसांना हात धुवायला तरी एक तोटी असावी. त्यासाठी त्यांनी अर्ज केले, भाऊंच्या दारात उभे राहिले. नळ मिळाला नाही, शाल मिळायची ठरली. फेटा, नारळ, चांदीच्या रंगाची चौकट. नळाची तोटी त्या चौकटीपेक्षा लहान असते हो!

मी मानपत्र लिहिलं. खरं तेच लिहिलं होतं आधी : जखमींची सेवा, पेठेतल्या पायांची सेवा. भाऊंनी वाचलं आणि कागद टेबलावर टाकला. "सर, हे काय कंपाउंडरचं मानपत्र आहे का? फौजी आहे तो. पब्लिकच्या अंगावर काटा आला पाहिजे. लढाईत होता ना? मग काहीतरी केलंच असेल की."

मला अकरा आठवले. एवढंच झालं. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. मी तिथंच, भाऊंच्याच पेनानं लिहिलं : 'आपण रणांगणावर शत्रूच्या अकरा सैनिकांना कंठस्नान घातले.' ज्या अकरांना त्या माणसानं उचलून आणलं, त्या अकरांना मी एका ओळीत मारून टाकलं. त्यातले दहा तर आपलेच होते.

भाऊ खूश झाले. "हे कसं! आता आलं अंगात."

सत्काराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हवालदार घरी आले. कुणीतरी त्यांना फ्लेक्स दाखवला होता. चपला काढून ते दारातच उभे राहिले. "मास्तर, ते अकरा काय लिवलंय?"

"ते जरा... शब्दालंकार असतो, काका."

"अलंकार न्हाय. अकरा मेले म्हन्तंय तितं. मी एकबी न्हाय मारला. बंदुकीवर बसायचं सोडून मी पेटीवर बसलो सगळा जलम. आनि ती माणसं हायत मास्तर. दोगं-तिगं अजून पत्रं पाटवतात. ते बदला."

"बदलतो."

"नक्की?"

"बदललं समजा."

मी भाऊंकडे गेलो होतो, हे खरं. भाऊ म्हणाले, चौकट झाली, फ्लेक्स लागला, आता काय डोक्यावर घ्यायचं का? आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "संस्थेच्या बार्शीच्या शाखेत मराठीला माणूस नाही म्हणे. तुमच्या आईंना तिकडची हवा मानवेल का हो?" मी तसाच घरी आलो. हवालदारांना निरोप पाठवायला हवा होता, पाठवला नाही. सकाळी ते निर्धास्त मनानं आले. पदकं लावलेला जुना काळा कोट, खालून इस्त्रीची घडी मोडलेली पँट. खुर्चीवर ताठ बसले. फ्लेक्स तसाच असला तरी वाचताना मी बदलेन, असा माझ्यावर विश्वास होता.

मी वाचलं. अकराच्या ओळीवर आवाज चढवायचा, हे मला सांगावं लागलं नाही. टाळ्या पडल्या. हवालदार उठले. अंगावरची शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि माईकपाशी आले. मी बाजूला झालो.

"हे खोटं हाय," ते म्हणाले. "मी कुनाला मारलं न्हाय. अकरा जण उचलून आनले, ते माजं काम व्हतं. मास्तरांनी चुकून लिवलंय. शाल ब्याड, नको मला. नळाचं तेवडं बगा."

त्यांनी 'चुकून' म्हटलं. त्या एका शब्दाचं ओझं मी आठ वर्षं वाहतोय.

मग भाऊंनी हसत माईक घेतला. "बघा, काय ही विनम्रता! खरा शूर माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत नाही." आणि टाळ्या! आधीपेक्षा जास्त टाळ्या. खोटं आहे असं ज्यानं जीव तोडून सांगितलं, त्याच्याच अंगावर ते खोटं टाळ्यांनी पुन्हा चढवलं गेलं. मला आजही त्या टाळ्यांचा राग येतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्म्यांच्या घरातले पाय हवालदारांनी धुतलेले होते.

पण भाऊंचा अपमान झाला तो झालाच. दोनतीन दिवसांत पेठेत वाक्य फिरायला लागलं, की म्हाताऱ्यानंच आधी फुशारक्या मारल्या आणि चौकशी होईल म्हणून घाबरून फिरला. मग कुणी म्हणालं, फौजेत होता का तरी? पदकं काय, बाजारातही मिळतात. समाजमंदिरात बैठक बसली. हवालदार आपलं डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले होते. सगळं त्यात होतं, दल, हुद्दा, वर्षं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. कुणी उघडलं नाही. बैठक संपेपर्यंत ते तिथंच पडून होतं, चहाच्या कपांच्या मध्ये.

भाऊंनी मला विचारलं, "सर, ही अकराची माहिती तुम्हांला दिली कोणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हवालदारही बघत होते. त्या नजरेत मागणी नव्हती, फक्त वाट बघणं होतं. जखमेतून रक्त थांबतंय का, ते बघताना असायचं तसं.

मी म्हणालो, "त्यांनीच सांगितलं."

शब्द दोन. आणि खोटे कुठं होते? अकराचा आकडा त्यांनीच तर सांगितला होता. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा नीच असतो, कारण त्याच्याकडे स्वतःपुरता वकील तयार असतो. माझा वकील आठ वर्षं माझ्या बाजूनं बोलत राहिला. आई आजारी होती. बदली झाली असती. तू एकटा काय करणार होतास. मी त्या वकिलाला आता घालवून दिलंय.

शहानिशा होईपर्यंत खोली बंद ठेवायची, असं ठरलं. निळ्या दाराला कुलूप लागलं. शहानिशा अजून चालू असावी. उन्हाळ्यात खोलीला रंग दिला, पत्रा काढून स्लॅब टाकला, आणि तिथं भाऊंचं जनसंपर्क कार्यालय झालं. आत हात धुवायचं बेसिन आहे. तोटी चकचकीत आहे. पाणी चोवीस तास.

बैठकीनंतरच्या सकाळी मी अंथरुणात जागा होतो. पावणेसात वाजले. ते येणार नाहीत, याचं मला, खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं. आणि घंटी वाजली. सायकल भिंतीला लावल्याचा आवाज. दारात हवालदार, खांद्याला खाकी पिशवी.

"मास्तर, पाणी उकळलं का?"

उकळलं नव्हतं. त्यांनी वाट पाहिली. मी गॅसपाशी उभा, ते आईपाशी. आई त्यांना म्हणत होती, काल काय झालं म्हणे बैठकीत? ते म्हणाले, "काय न्हाय, आई. लोकं बसली, च्या प्याली, उटली." मी पातेलं घेऊन गेलो. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी. शिवी दिली असती तर मी जगलो असतो. त्यानंतरची सात वर्षं ते सायकलवरून घरोघर फिरून पट्ट्या बांधत राहिले, वयाची पंचाहत्तरी उलटेपर्यंत, आणि रस्त्यात ते दिसले की मीच गल्ली बदलत राहिलो. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. अंत्ययात्रेत मी होतो. मागं.

आपल्याला फौजी कसा लागतो, ते मी या आठ वर्षांत नीट बघितलं. मारणारा लागतो. किती मारले, ते सांगणारा, किंवा ज्याच्या वतीनं आपण सांगू शकू असा मेलेला. दुसऱ्याला उचलून घेऊन सुरुंगातून चालणाऱ्याला आपण कंपाउंडर म्हणतो. शाळेत मी मुलांकडून वीरश्रीच्या कविता पाठ करून घेतो, छाती पुढं काढून म्हणायला लावतो. एकदाही एखाद्या पोराला विचारलं नाही, की बाबा, तुझ्या आजीच्या पायाची पट्टी कोण बदलतं? राग भाऊंवर आहे, आहेच. पण भाऊ एकटे काय करणार होते? त्यांना लिहिता कुठं येतं. हात माझा होता.

म्हणून यंदा मी नवा मजकूर लिहिला. कपाटातला एकही शब्द न घेता. 'हवालदार सिद्रामप्पा. युद्धात त्यांनी अकरा जखमी उचलून आणले. त्यांतला एक शत्रूचा होता. नऊ जगले. नंतर या पेठेतल्या माणसांच्या जखमा त्यांनी आयुष्यभर धुतल्या. त्यांनी एक नळ मागितला होता.'

यात्रेच्या आठवडाभर आधी पाटीसाठी बैठक बसली. तेच समाजमंदिर, वीसबावीस माणसं. बायका मागच्या भिंतीला टेकून. भाऊंनी कागद वाचला, चष्मा काढला. "सर, यात शौर्य कुठंय? आणि हा एक शत्रूचा कशाला घातलाय मध्येच? नळाचं तर..." ते हसले. "जुनंच घेऊ."

"जुनं खोटं आहे," मी उभा राहून म्हणालो. माईक नसला की माझा आवाज इतका लहान आहे, हे मला तेव्हा कळलं. "ते मी लिहिलं. हवालदारांनी बदलायला सांगितलं होतं. मी बदललं नाही आणि बदललं म्हणून त्यांना सांगितलं. ह्याच जागेवर मी म्हणालो होतो, त्यांनीच सांगितलं म्हणून. त्यांनी मला अकरा वाचवल्याचं सांगितलं होतं. मारल्याचं मी लिहिलं. बदलीच्या भीतीनं गप्प बसलो."

वाटलं होतं, गलका होईल. कुणी अंगावर येईल. त्याऐवजी मागून रसूलबी चाचींचा आवाज आला.

"आमाला ठाव हाय, मास्तर."

मी वळलो.

"सगळ्या गल्लीला ठाव हाय. तवाच ठाव व्हतं. आमी तुमच्या दारात येनार व्हतो, चार बाया, जाब इचारायला. हवालदारनं आडवलं. बोल्या, मास्तरची मा बीमार हाय, नौकरी जाईल त्याची. आपल्या गळ्याची शपथ घातली. बोल्या, तो सोताच सांगंल एक दिवस. लई टाइम लावला की वो तुमी. तो मरून गेला नं."

भाऊ म्हणाले, "बघू, यात्रा होऊ द्या, मग ठरवू." माणसं उठली. पाटीचा कोरा काळा दगड कार्यालयाच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवलाय, अजून तसाच आहे. भाऊ जुना मजकूर कोरतील की नवा, की काहीच नाही, मला माहीत नाही. कोरलाच जुना, तर त्या पाटीखाली उभा राहून मी रोज सांगेन की हे खोटं आहे. माईक नसला तरी.

पण मला खरं सतावतं ते हे नव्हे. आठ वर्षं मी गल्ल्या बदलत होतो, आणि त्या प्रत्येक गल्लीत माझं पाप माहीत असलेली माणसं मला 'नमस्कार मास्तर' म्हणत होती. त्यांनी माझी नोकरी सांभाळली. ज्याला मी खोटा पाडला, त्याच्या शब्दाखातर. हा त्यांचा मोठेपणा मला सोसवत नाही. मला त्याचाही रागच येतो. कुणीतरी तेव्हाच माझी कॉलर धरायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला दार वाजलं. बाहेर दोऱ्यांवर बाराबंद्या दवानं जड होऊन लोंबत होत्या. दारात रसूलबी चाची, एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकणाचा डबा. हवालदार गेल्यापासून त्यांच्या पायाची पट्टी नीट कुणी बांधलेली नव्हती. पाय कापडाच्या चिंध्यांत गुंडाळलेला.

"पानी उकळलंय," त्या म्हणाल्या आणि विचारल्याशिवाय आईच्या जुन्या खुर्चीवर बसल्या.

"चाची, मला नाही येत."

"शिका की. चौदा महिने खिडकीत हुबं ऱ्हाऊन काय बगत व्हता?"

मी खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा पाय मांडीवर घेतला. जड होता. चिंधी जखमेला चिकटली होती. त्या सांगत गेल्या, मी करत गेलो : आधी हात धू, साबण लाव, मग पाणी सोड, भिजू दे, ओढू नको. स्पिरिटचा वास नव्हता, नुसता जखमेचा वास होता, आणि तो असह्य होता, आणि हवालदारांनी तो रोज सकाळी घेतला होता.

"मोज," चाची म्हणाल्या.

"वंद," मी म्हणालो. चिंधीचं टोक धरलेली माझी बोटं लटलटत होती. पुढचा आकडा निघेना.

चाचींनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं.

"आता थरथरतोय," त्या म्हणाल्या. "लिवताना न्हाई थरथरला?"